दुसऱ्यांदा बांधलेलं नवं

कामाच्या अनुभवावर लिहायचं तर आधी काम तरी भरपूर झालेलं असावं लागतं. माझं तसं नाही. मी अजून पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि काम म्हणाल तर शनिवार-रविवारी आणि सुट्टीत एका संग्रहालयात आलेल्या माणसांना वस्तू दाखवते. या अंकात दरवर्षी निवृत्त पोस्टमन, कंडक्टर, नर्सबाई असे लोक लिहितात. त्यांच्या पंगतीत मी बसणं बरं दिसत नाही, असं मी आमच्या सरांना म्हटलं. सर म्हणाले, "मग ज्याची लाज वाटते त्याबद्दलच लिही." ते सहज म्हणाले असतील. मी मनावर घेतलं.

आमचं संग्रहालय जोयड्याहून उळवीला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, रानात आहे. मातीच्या भिंती, छपरावर पाडलेल्या घरांची जुनी कौलं, पावसाचं पाणी साठवायला टाकी, जेवायला पत्रावळी. एका दालनात बाहेरून आलेल्या कलाकारांनी इथे राहून केलेली कामं आहेत, उन्मळून पडलेल्या झाडांच्या खोडातली आणि भंगारातली. दुसऱ्या, मोठ्या दालनात आमच्या तालुक्यातल्या घरांतून आलेल्या वस्तू: इरली, उखळं, नांगर, गुमट नावाचं मातीचं वाद्य, मासे धरायचे बांबूचे सापळे. रानाला न ओरबाडता कसं जगावं हे इथल्या लोकांकडून शिकावं, असा त्यामागचा विचार. प्लास्टिकची बाटली फाटकावर भीमाण्णाकडे ठेवून मगच आत यायचं. भीमाण्णा आमचा राखणदार, रामनगरकडचा. तो म्हणतो, "हितं बाटली सोडून समद्याला मान हाय. मलाबी हाय म्हणत्यात. पगाराच्या दिवशी बघू."

मी गुंद गावची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. या कामाचं घरी सांगितलं तेव्हा आई चुलीपुढून न उठता म्हणाली, "सारवलेली जमीन बघाय माणसं पेट्रोल जाळून येत्यात? मग आमच्यात का येईनात?" आमचं घर अजून सारवलेलंच आहे. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी कधी घरी नेलेलं नाही. आणि संग्रहालयात मात्र पहिली पाच मिनिटं मी सारवणाच्या थंडाव्याबद्दल बोलते, तेही बऱ्यापैकी इंग्रजीत.

काम दिसतं तितकं सोपं नाही. बोलणं पाठ असतं, पण ते पाठ केल्यासारखं वाटता कामा नये. माणसं कुठे थबकतात हे बघावं लागतं, कारण तिथे थांबून बोललं तरच ऐकतात. पाय दुखतात. आणि माणसं तऱ्हेतऱ्हेची. बेळगावचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी माझं प्रत्येक वाक्य पूर्ण होण्याआधी दुरुस्त केलं, आणि शेवटी मला म्हणाले, "छान सांगितलंस." एक प्राध्यापक फक्त पाट्यांचे फोटो काढत गेले, वस्तूंकडे त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. एक बाई सारवलेल्या जमिनीवर चक्क आडव्या झाल्या, डोळे मिटले, आणि झोपल्या. त्यांना उठवायचं की नाही हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी बाकीच्यांना घेऊन त्यांना वळसा घालून गेले.

एक फरक मला लवकर कळला. शहरातली माणसं विचारतात, हे किती जुनं आहे? आमच्या भागातली माणसं विचारतात, हे कुणाचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाटीवर असतं. दुसऱ्याचं मला फक्त एकाच वस्तूच्या बाबतीत माहीत होतं.

ती वस्तू म्हणजे मोठ्या दालनाच्या मधोमध उभी असलेली कणगी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. भात साठवायची, बांबूच्या पट्ट्यांनी विणलेली, माणसाच्या छातीएवढी उंच, शेणामातीनं लिंपलेली मोठी टोपली म्हणजे कणगी. ही घरातच बसून विणलेली होती आणि घराच्या दारापेक्षा रुंद होती. म्हणजे तिला बाहेर काढायचं तर घरच मोडायला हवं.

ती बाहेर आली तीही घर मोडलं म्हणूनच. अणशीकडच्या रानातली एक वाडी मोबदला घेऊन उठली. वाघांना रान मोकळं हवं होतं, आणि वाडीतल्या माणसांनाही दवाखाना, शाळा, बस हवी होती. दोन्ही खरं आहे. त्या वाडीतल्या जानकीबाईंचं, म्हणजे सगळे जिला जानक्का म्हणतात तिचं, घर उतरवलं. कौलं काढली, भिंत पाडली, आणि कणगी पहिल्यांदा उन्हात उभी राहिली. रामनगरजवळच्या प्लॉटवर बांधलेल्या नव्या घराच्या दारातून ती आत जाईना. तेव्हा मॅडमनी ती मागून घेतली. मॅडम म्हणजे संग्रहालय चालवणाऱ्या बाई, धारवाडच्या. कन्नड आणि इंग्रजी बोलतात, मराठी त्यांना अर्धंमुर्धं समजतं. कणगी मातीच्या भिंती बांधून होण्याआधीच आत आणून ठेवली, मग भिंती बांधल्या. मॅडमना या गोष्टीचा फार आनंद होता. पाहुण्यांना त्या सांगायच्या की कणगीसाठी आम्ही घर बांधलं.

अडचण सुरू झाली ती आमच्या लोकांमुळे. आजूबाजूच्या गावांतली माणसं बघायला आली की आधी कणगीत डोकावायची. आत काही नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे बदलायचे. आमच्याकडे कणगी तळापर्यंत झाडून रिकामी करत नाहीत. कितीही ओढाताण असली तरी तळाशी पसाभर भात ठेवायचंच. रिकामी कणगी म्हणजे घर संपलं. मग पुढच्या खेपेला कुणी ना कुणी पदरातून, खिशातून मूठभर भात आणून आत टाकायचं. कुणी कुणाला सांगितलेलं नसताना हे सुरू झालं. भातामागून उंदीर आले, उंदरांनी बांबू कुरतडला, मॅडम घाबऱ्या झाल्या. औषध मारणं आमच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून ठरलं की आत कुणाला काही टाकू द्यायचं नाही. आणि थांबवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला त्यांची भाषा येते.

आमच्याच गावचे एक काका मूठ आवळून कणगीशी उभे होते. मी म्हटलं, "काका, आत काय टाकू नका. उंदीर होत्यात."

"व्हायलाच पायजेत की. भात हाय तितं उंदीर हाय. उंदीर न्हाई म्हंजे घरात काय न्हाई."

"हे घर न्हवं, काका."

"मग काय हाय?"

मी कणगीच्या तोंडावर हात आडवा धरला. त्यांनी मूठ खिशात नेऊन सोडली, आणि खिसा वरून दाबला, दाणे सांडू नयेत म्हणून. मी त्यांना पुढच्या वस्तूची माहिती सांगू लागले.

त्यानंतरच्या पावसाळ्याअखेरीची ही गोष्ट. बंगळुरूहून एक मोठा गट आला होता, संग्रहालयाला मदत करू शकतील अशी माणसं. मॅडमनी मला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं आणि दोनदा सगळं म्हणून घेतलं होतं. आम्ही मोठ्या दालनात शिरतो तोच फाटकावरून भीमाण्णाची हाक आली.

"सुमा, तुझ्या कणगीची मालकीण आली बघ! तिकीट मागू का?"

जानक्का हाकेमागोमाग आतच आली. लहान चणीची, पान खाऊन ओठ लाल, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. तिला मी एकदाच पाहिलं होतं, कणगी आणताना. तिनं मला लगेच ओळखलं.

"पोरी, नवं आणलंय. बांधते आन जाते. मला परतीची गाडी हाय."

भाताच्या लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या की आमच्याकडे एक दिवस ठरवून त्यातल्या पहिल्या लोंब्या घरी आणतात. आंब्याच्या पानाबरोबर त्यांची जुडी करून दाराला, देवाला, नांगराला आणि कणगीला बांधतात. याला नवं बांधणं म्हणतात. ती जुडी पुढच्या नव्यापर्यंत सोडायची नसते. आदल्या वर्षी घर मोडण्याच्या धांदलीत जानक्काचं नवं राहून गेलं होतं. कणगीला वर्षभर कुणी काही बांधलेलं नाही हे तिच्या मनाला लागलं होतं. तिला यायला दोन बस बदलाव्या लागल्या होत्या.

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, त्या नको म्हणतील, आणि ते मला जानक्काला सांगावं लागेल. पण मॅडमनी मान हलवून करू दे असं खुणावलं, आणि पाहुण्यांना हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. पाहुणे गोल करून उभे राहिले.

जानक्काचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तिनं कणगीच्या कडेवरून हात फिरवला आणि तिला रागे भरली. "किती वाळलीस गं. लिंपाय कुणी न्हाई व्हय तुला?" मग फडकं सोडून जुडी काढली, केळीच्या सोपटानं कणगीच्या कडेला बांधली, चिमूटभर हळद लावली आणि मूठभर भात आत सोडला. भात तळाशी पडल्याचा आवाज आला. तिनं दोन्ही हात कणगीला टेकवून काहीतरी पुटपुटलं, ते मला ऐकू आलं नाही. ते तिचं होतं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जानक्का दचकली आणि तिनं मागे वळून पाहिलं, कुणी आलं की काय म्हणून.

तेवढ्यात गटाबरोबर आलेले कॅमेरावाले गृहस्थ कलाकारांच्या दालनातून धावत आले. त्यांचं सगळंच हुकलं होतं. ते फार अदबीनं म्हणाले की एकदा परत होऊ शकेल का. मॅडम माझ्याकडे वळल्या. "विचार ना त्यांना."

मी विचारलं.

"परत?" जानक्का हसली. "उद्या म्हणतील लगीन परत लावा, अक्षता नीट पडल्या न्हाईत."

"काय म्हणाल्या त्या?" गृहस्थांनी विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं, त्या जरा लाजताहेत.

सगळे कौतुकानं हसले. एक बाई "ओ!" असं म्हणाली, लहान बाळाकडे बघून म्हणतात तसं. जानक्कानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग माझ्याकडे. माझ्या गळ्यात संग्रहालयाचं ओळखपत्र होतं आणि मी ते बोटांनी पिळत होते. ती माझ्याजवळ आली.

"तुला बोलतील काय गं?"

मी नाही म्हणायला हवं होतं. खरं तर कुणीच मला काही बोललं नसतं. मॅडम तशा नाहीत. पण त्या गटावर पुढच्या वर्षाचं पुष्कळ काही अवलंबून आहे हे मी दोन दिवस ऐकत होते, आणि त्यात माझं कामही आलं. मी गप्प राहिले. जानक्कानं त्या गप्प राहण्यातून जे घ्यायचं ते घेतलं.

तिनं गाठ सोडली. सोपटाची ओली गाठ सुटायला वेळ लागतो, तिनं ती दातानं सैल केली. जुडीतले चार दाणे जमिनीवर पडले ते वेचले. मग गृहस्थांना हातानंच विचारलं, कुठून? त्यांनी दाखवलं तशी ती बाजूला सरली आणि तिनं परत बांधलं. या वेळी ती काही पुटपुटली नाही. त्यांना कॅमेऱ्यात हळद लावतानाचा हात नीट मिळाला नाही, म्हणून ते तेवढं आणखी एकदा झालं. संपल्यावर तिला कोकमाचं सरबत दिलं आणि संग्रहालयाचं नाव छापलेली कापडी पिशवी दिली.

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. काहीतरी बोलायचं होतं. तिनंच पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "शीक. कॉलेज सोडू नको." भीमाण्णानं तिला बस अडवून दिली.

जुडी मात्र कणगीला राहिली. उंदीर येतील म्हणून ती संध्याकाळी काढावी का, असं मी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, राहू दे, किती सुंदर दिसतेय. काकांची मूठ मी परत खिशात घालायला लावली होती. ती सुंदर दिसली नव्हती, एवढंच.

वर्षभर मी त्या कणगीपाशी उभी राहून बोलले. लोंब्या बघून माणसं विचारायची, आणि मी नव्याबद्दल सांगायचे. बांधताना मंत्र असतो का, असं एका बाईनं विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. माझ्या सबंध बोलण्यात तेवढंच वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

यंदा मॅडमनी ठरवलं की नव्याचा दिवस संग्रहालयात साजरा करायचा. रविवारी सकाळी, पाहुणे बोलावून, जानक्काच्या हातून. तिला बोलवायला मलाच पाठवलं. निघताना मॅडम म्हणाल्या, "आणि विचार, जुन्या पद्धतीचं लुगडं नेसून येतील का. ते छान दिसेल."

रामनगरच्या प्लॉटवर सगळी घरं सारखी आहेत, सिमेंटची, पुढे थोडी जागा. जानक्का दारात बसून मिरच्या निवडत होती. मला बघून तिला आनंद झाला. आत घेऊन गेली, पाणी दिलं, आणि मी घोट घेता घेता कोपऱ्यात पाहिलं. तिथे निळं प्लास्टिकचं पिंप होतं, झाकणाचं, तेल-बिल भरून येतात तसलं. त्याच्या कानाला आंब्याचं पान आणि लोंब्यांची जुडी बांधलेली होती. झाकणावर हळदीची बोटं होती.

"नवं झालं तुमचं?" मी विचारलं.

"झालं की परवा. हितं शेत कुठलं? गुंदला माझा भाऊ हाय, त्याच्याकडनं लोंब्या आणल्या."

"पिंपाला बांधलंत."

"मग कशाला बांधू? भात तितं हाय." ती सहज म्हणाली. थोडं थांबून पुढं म्हणाली, "ती कणगी तुमाला दिली ती दिली. मला कळाय एक वरीस लागलं. गेल्या साली गाडीत बसल्यावर लई रडले, पर ते तुला कशाला सांगू."

ती सांगून बसली होती. मी तांब्यातलं पाणी संपवलं. कशासाठी आले ते सांगायचं होतं, आणि सांगवेना. शेवटी तिनंच विचारलं, "बाईनं धाडलंय व्हय?"

मी सांगितलं. वाटलं, ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"येते की," ती म्हणाली. "त्यात काय? बांधायचं ते हितं बांधलंय. तितं दावायचं ते दावते. किती येळा बांधू, विचारून घे. आन नेसू काय?"

मॅडमचा निरोप माझ्या जिभेवर होता. समोर दोरीवर तिच्या साड्या वाळत होत्या.

"तुम्हाला आवडेल ते नेसा, आक्का."

रविवारी ती आली ती गुलाबी, चमकीच्या काठाची साडी नेसून, केसांत अबोली. भीमाण्णा म्हणाला, "आक्का, आज तुमचंच नवं हाय वाटतं." तिनं त्याला पिशवी मारली. मॅडमनी साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओळखपत्र नीट केलं.

मॅडमनी आणून ठेवलेली जुडी जानक्कानं बांधली. झकास बांधली. कॅमेऱ्याकडे तोंड करून थांबली, मोडक्यातोडक्या कन्नडात ‘झालं का?’ विचारलं, आणि न सांगता परत एकदा हळद लावून दाखवली. टाळ्या झाल्या, तेव्हा ती दचकली नाही. मी कणगीपलीकडे उभी राहून इंग्रजीत सांगत होते, आणि मला तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं, कारण ती हे माझ्याइतक्याच सफाईनं करत होती.

मग एका तरुण पाहुणीनं विचारलं, "त्या अजून घरी हे करतात का?"

मी विचारलं. जानक्का म्हणाली, "करते की. पिंपाला बांधलंय. निळं पिंप, झाकणाचं. उंदीरबी जात न्हाई."

‘हो, अजून करतात’ एवढं सांगितलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं. निळं, प्लास्टिकचं, झाकणाचं, आणि उंदरांचंही.

मग कुणीतरी हसलं, आणि सगळेच हसले. वाईट हसणं नव्हतं ते. मॅडमही हसल्या, जरा उशिरा. सगळे हसतात म्हणून जानक्काही त्यांच्याबरोबर हसली. हसू ओसरल्यावर तिनं माझ्या कोपराला हात लावला.

"का गं हसली समदी?"

"आवडलं त्यांना, आक्का."

"काय आवडलं? पिंप?"

ती खरंच विचारत होती. तोंड वर करून माझ्या उत्तराची वाट बघत होती. पाहुणे तोवर पुढच्या वस्तूपाशी जाऊन उभे राहिले होते, आणि मॅडमनी मला हात केला. मी तिकडे गेले.